फिनिक्सचा दुसरा अल्बम मलाच कोरडा वाटायलाय का?

सुशीलाविथलिंबू, लातूर

मंडळी नमस्कार, विषय जरा वेगळा हाय, हसायचं असलं तर आधीच हसून घ्या.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला मी रात्र रात्र जागायलो होतो, कारण आपला आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे पळणार होता. पुरुषांच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, ऑलिम्पिक फायनलला गेलेला पहिला भारतीय गडी. अकरावा आला, तरी आमच्या आडतीवरच्या पोरांनी पेढे खाल्लेच. ती जागरणाची सवय जी लागली ती लागलीच, मग १२ ऑगस्टला पहाटेपर्यंत सांगता समारंभ बी बघितला. मनू भाकर आणि श्रीजेश झेंडा घेऊन आले, ते झालं की झोपणार होतो तर पुढं एक बँड आला. खेळाडू सगळे स्टेजवर चढायलेत, माइकवरून खाली उतरा म्हणून विनवायलेत, अगदी आपल्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासारखं चालू होतं, आणि त्या गोंधळात ती चार माणसं एकदम निवांत वाजवत होती. सकाळी शोधलं तर नाव कळलं, फिनिक्स. फ्रान्सचे, व्हर्सायचे.

तिथून मी उलटा गेलो. आधी २००९ चा अल्बम ऐकला, ज्याला ग्रॅमी मिळालं तो. मग सगळ्यात पहिला, युनायटेड, २००० सालचा. काय सांगू राव, दोन महिने दुसरं काही लावलंच नाही. त्यात काय नाही ते विचारा, डिस्को हाय, मध्येच एक पंकसारखं धाडधाड गाणं, एक गाणं तर नऊ मिनिटांच्या वर जातं आणि त्यात आधी काउबॉय लोकांसारखी गिटार, मग मशीनचा आवाज, मग एकदम हेवी मेटल. भेळभत्ता नुसता. कुणीतरी हौसेनं घरातलं सगळं सामान अंगणात मांडल्यासारखं.

आणि मग मी दुसरा लावला. अल्फाबेटिकल, २००४. दहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत खलास. पाच वेळा ऐकला. गाणी वाईट म्हणत नाही मी, पण सगळं कसं इस्त्री केल्यासारखं, घडी मोडायची भीती वाटावी असं. ढोल वाजतो आणि लगेच बंद होतो, गाणारा कानात कुजबुजल्यासारखा, कुठं उसळी नाही, कुठं चूक नाही. दुकानात पट्ट्या लिहिता लिहिता लावला तर आमचा मापाडी म्हणला, मालक हे सुरू कधी होणार?

तर माझा प्रश्न एवढाच की हे मलाच वाटायलंय का जुन्या फॅन लोकांना बी तेव्हा असंच वाटलं होतं? का माझं ऐकायचं चुकायलंय? आणि सरळ तिसऱ्यावर उडी मारू का?

धोंडेजेवण, बीड

बाप्पा मला वाटलं पुण्यातल्या मॉलचं चालू हाय. अर्धं वाचल्यावर कळलं. चालू द्या, मी बसलोय बाजूला.

औरंगपुऱ्याचा भाडेकरू, संभाजीनगर

अरे देवा, या बँडवर मराठीत कुणी प्रश्न विचारेल असं या जन्मी वाटलं नव्हतं. लांब लिहिणार आहे, माफी असावी.

मी २००० ते २००४ इथंच इंजिनिअरिंगला होतो, होस्टेल न मिळाल्यामुळं औरंगपुऱ्यात तिघं मिळून एका खोलीत. आमच्यातल्या एकाचा मावसभाऊ पुण्यात होता, तो एमपीथ्रीच्या सीड्या राइट करून पाठवायचा. एका सीडीत दीडशे गाणी, वर मार्करनं फक्त 'इंग्लिश मिक्स ७' लिहिलेलं. त्यातली दोन गाणी एअरच्या नावानं होती. एअर म्हणजे तो दुसरा फ्रेंच बँड, तो पण व्हर्सायचाच. आम्ही वर्षभर एअर एअर म्हणून ती गाणी डोक्यावर घेतली, आणि मग कॅफेत तासाला वीस रुपये मोजून शोधल्यावर कळलं की ती एअरची नाहीतच, फिनिक्सची आहेत, युनायटेडमधली. चूक करणाऱ्याची चूक पण तशी अगदीच बिनबुडाची नव्हती. फिनिक्सचा गायक थॉमस मार्स यानं एअरसाठी खरंच एक गाणं गायलंय, पण दुसऱ्याच नावानं, गॉर्डन ट्रॅक्स. सोफिया कोपोलाच्या पहिल्या सिनेमासाठी. पुढं त्यानं तिच्याशी लग्न केलं ती गोष्ट वेगळी. आणि योगायोग असा की त्या ऑलिम्पिकच्या रात्री स्टेजवर एअर पण होते, तुम्ही बघितलं असेल.

तर आम्ही तिघं युनायटेडचे भक्त. चार वर्षं वाट बघितली. चार वर्षं म्हणजे आमची पूर्ण डिग्री, म्हणजे पहिला अल्बम ऐकला तेव्हा ड्रॉइंगच्या शीटा काढत होतो आणि दुसरा आला तेव्हा बॅकलॉग मोजत होतो. सीडी आली, रात्री जेवण करून तिघं खाटेवर बसलो, लावली. पहिलं गाणं संपलं, कुणी बोललं नाही. दुसरं संपलं. चौथ्याला तो ज्याचा मावसभाऊ होता तो उठला आणि म्हणाला, यांना पगार चालू झाला वाटतं. आणि सिगारेट आणायला गेला.

ते वाक्य मी वीस वर्षं विसरलो नाही. तुम्ही इस्त्री म्हणताय तेच तो बोलला होता. पहिल्या अल्बमची मजाच ही होती की यांना आपण काय वाजवायचं हे ठरवता येत नाहीये आणि त्याची त्यांना लाज पण नाही. दुसऱ्यात त्यांनी ठरवलं. ज्यांना न ठरवणं आवडत होतं ते नाराज झाले.

मी पण नाराजच होतो, खोटं कशाला बोलू. माझं मत बदललं ते तीन वर्षांनी, परभणी स्टेशनवर. नोकरीच्या इंटरव्ह्यूवरून परत येताना, गाडी साडेतीन तास लेट, रात्रीचे दोन, वेटिंग रूममध्ये एक म्हातारी आणि मी. प्लेअरमध्ये दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून लावला. आजूबाजूला काहीच आवाज नसताना तो अल्बम पहिल्यांदा ऐकला मी. आणि लव्ह फॉर ग्रँटेडला मी चक्क उठून बसलो, कारण तोपर्यंत मला वाटायचं त्या गाण्यात काही नाहीच, आणि काही नाही हेच त्यांनी इतकं जपून केलंय हे तेव्हा लक्षात आलं. म्हातारीनं विचारलं, काय झालं रे बाबा, गाडी आली का.

तिसऱ्यावर उडी मारा किंवा मारू नका, पण हा दुकानात ऐकायचा अल्बम नाही. मोंढ्यात तर नाहीच नाही.

सुशीलाविथलिंबू, लातूर

दादा वाचून अंगावर काटा आला. 'यांना पगार चालू झाला' हे मी उद्या दुकानात वापरणार.

पण एक सांगा, साडेतीन तास गाडी लेट झाल्याशिवाय कळत नसलं तर तो अल्बम चांगला म्हणायचा का आपली रेल्वे?

हुरडा किंग, जालना

मी स्पष्ट बोलतो. दुसरा अल्बम फसलेला आहे, आणि याचा पुरावा बँडनंच दिलाय. तिसरा बघा, २००६ चा. बर्लिनला गेले, फटाफट गाणी केली, गिटार मोकळी सोडली, गायक पण जरा घसा उघडून गायला लागला. म्हणजे त्यांना कळलं ना चुकलं ते? माणूस वाट चुकला नसेल तर मागं कामून फिरेल. उगाच वीस वर्षांनी 'आता समजला' 'आता उमगला' करायची फॅशन आलीय. आमच्याकडं एखाद्या वर्षी हुरडा निबर निघाला की निबर म्हणतो आम्ही, पुढच्या वर्षी तो कोवळा होता म्हणून सांगत नाही.

औरंगपुऱ्याचा भाडेकरू, संभाजीनगर

किंग, मागं फिरले म्हणजे वाट चुकले असं कसं? माणूस बाजाराला जाऊन पण मागं फिरतोच की. पिशवी भरली का नाही ते बघा.

टॉप आणि बेस, अंबाजोगाई

मी साउंडवाला आहे. लग्न, हळद, जयंत्या, मिरवणुका, सतरा वर्षं झाली. इंग्लिश गाण्यातलं मला काही कळत नाही पण आवाजातलं कळतं, म्हणून बोलतो, चुकलं तर सांगा.

काल रात्री हा विषय वाचला आणि आज एका हळदीला सेटअप लावल्यावर टेस्टिंगला मी ते पहिलं गाणं लावलं, एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग. पाहुणे अजून यायचे होते, मांडवात फक्त आचारी आणि आमची पोरं. आता तुम्ही जे म्हणलात ना की ढोल वाजतो आणि लगेच बंद होतो, ते एकदम बरोबर पकडलंय तुम्ही, पण तो दोष नाही, ते मुद्दाम केलेलं आहे. सांगतो कसं.

आमच्याकडं कुणीबी माइक हातात घेतला, नवरदेवाचा मामा असो नाहीतर सरपंच, पहिलं वाक्य काय, इको वाढव. दुसरं वाक्य, अजून वाढव. मिक्सरवरचं बाकी कोणतं बटण लोकांना माहीत नसतं पण इको माहीत असतो. इको वाढवला की बेसूर गाणारा बी बरा वाटतो, कारण एका शब्दाची शेपटी दुसऱ्या शब्दावर पडते आणि मधल्या चुका झाकल्या जातात. भिंतीला पोपडे आले की आपण कॅलेंडर लावतो, तसं. आणि कान या शेपटीला इतका सरावलेला असतो की शेपटी काढली की माणूस म्हणतो आवाज कोरडा हाय.

या अल्बमवाल्यांनी कॅलेंडर काढून टाकलंय. ड्रमचा आवाज येतो तो नुसता ठोका. खोलीचा आवाज नाही, हॉलचा नाही, शेपटी नाही. ठोका, मग गप्प, मग ठोका. मधली ती जी गप्प जागा आहे ना, तिच्यात बेस गिटार बसवलीय. हे करायला धाडस लागतं, कारण मधे झाकायला काहीच नसतं, हात एक केसभर इकडंतिकडं झाला की लगेच उघडा पडतो. माझ्या एका पुण्याच्या मित्रानं सांगितलं की त्या सुमारास अमेरिकेत डीअँजेलो नावाच्या गायकाचा वूडू म्हणून अल्बम आला होता, २००० ला, तो ऐक म्हणून. ऐकला. जात तीच. फक्त त्याच्यात ड्रम जरा झोपाळल्यासारखा मागं रेलतो आणि ही फ्रेंच पोरं मात्र फूटपट्टी लावून बसलीत, असं माझ्या कानाला वाटलं.

आता खरी गोष्ट. हळदीला हलगीवाले आले होते, चौघं. त्यातले जे म्हातारे होते ते शेकोटीवर हलगी तापवत बसले होते. तुम्हाला माहीत असेल, कातडं थंड असलं की हलगी भदभद वाजते, तापवली की ताणली जाते आणि मग कडक निघते, नुसता टणका. ते दर दोन मिनिटाला बोटानं टिचकी मारून बघत होते आणि परत जाळावर धरत होते. माझं गाणं चालू होतं. दुसऱ्या गाण्याला त्यांनी मान वर केली आणि मला म्हणले, 'ह्येनं बी तापवून घेतलीय रं.'

बस. माझ्यापुरतं परीक्षण संपलं तिथं.

जाता जाता एक काम करा. तुम्ही ज्याच्यावर ऐकता त्याचा इक्वलायझर कशावर आहे ते बघा. मोबाइलवर, होम थिएटरवर लोक एकदा रॉक नाहीतर हॉल नाहीतर बेस बूस्ट लावून ठेवतात आणि विसरतात. युनायटेडला ते चालून जाईल, ह्याला नाही चालणार. फ्लॅट करा. मग बोला.

धोंडेजेवण, बीड

साउंडवाले भाऊ, तुमचा नंबर लागंल मला, मेहुण्याचं लग्न हाय. पण इको कमी करू नका, मामा गाणार हायेत.

मायबोलीचा हट्टी, धाराशिव

माझा मुद्दा वेगळा आहे. हा फ्रेंच बँड आहे म्हणता आणि सगळी गाणी इंग्रजीत? मग फ्रेंच काय त्यात? उद्या आपल्या धाराशिवच्या पोरांनी फक्त इंग्रजीत गायलं तर त्याला मराठी बँड म्हणाल का? दुसरा अल्बम बेचव वाटायचं मूळ तिथंच आहे असं माझं मत. आपल्या भाषेत नसलं की माणूस मोजून मापूनच बोलतो. इंटरव्ह्यूला बसल्यासारखा. चूक होईल या धाकानं. ती इस्त्री तिथून आलीय.

नांदेडची नताशा

हट्टीदादा, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं हो, पण आधीचं नाही.

मी फ्रेंच शिकते, बी-टू लेव्हल झालीय, क्लासमध्ये यावर मारामारी होते नेहमी. फ्रान्समध्ये १९९४ ला कायदा झाला आणि १९९६ पासून तिथल्या रेडिओवर किमान ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली वाजवायची सक्ती आली. नंतर २०१६ ला थोडी सैल केली पण आहे अजून. आता हे चौघे इंग्रजीत गातात म्हणजे त्यांनी त्या ४० टक्क्यांचं राखीव दार स्वतःहून सोडलं आणि उरलेल्या रांगेत उभे राहिले, जिथं अमेरिका इंग्लंडची सगळी धेंडं आधीच उभी. सोय बघून केलेलं काम नाही ते. आणि फ्रेंच कसले म्हणाल तर ऐकताना कळतं, निदान मला कळतं. इंग्लिश माणूस वाक्याच्या ज्या शब्दावर जोर देईल तिथं मार्स देतच नाही, तो सगळे शब्द सारखे पसरतो आणि शेवटच्या अक्षरावर हलकेच टेकतो. ही फ्रेंच बोलण्याची लय आहे. आमचे आजोबा निजामाच्या काळात उर्दू माध्यमात शिकलेले, ते मराठी बोलायचे पण वाक्य संपवायची ढब उर्दूची होती. तसंच आहे हे. भाषा बदलता येते, ढब नाही बदलत.

पुढं २०१७ ला तर यांनी तियामो नावाचा अल्बम काढला, त्यात इटालियन पण घुसवलंय. त्यांचं ते असंच आहे, कुठलेच नाहीत आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

आता दुसऱ्या अल्बमबद्दल. मला तो आवडत नाही. म्हणजे आदर आहे, प्रेम नाही. टॉप आणि बेस यांनी सांगितलं ते सगळं ऐकू येतं मला, पण मला त्या अल्बमचा स्वभावच आवडत नाही. युनायटेडमधला पोरगा प्रेमात पडून वेंधळेपणा करतो. अल्फाबेटिकलमधला माणूस वाद झाल्यावर दार हळू लावून घेतो. मला दार आपटणारी माणसं बरी वाटतात. आता याला परीक्षण म्हणा नाहीतर माझ्या घरचा इतिहास म्हणा.

औरंगपुऱ्याचा भाडेकरू, संभाजीनगर

ताई, दार हळू लावून घेणारा माणूस... हे इतकं नेमकं आहे की मला आता त्या अल्बममधलं व्हिक्टिम ऑफ द क्राइम त्याच कानानं ऐकू येणार. छळ केलात.

एक भर घालतो, कुणाला उपयोगी पडेल. फ्रान्सच्या या पिढीत दुसऱ्या अल्बमला शिव्या खायची जणू रीतच होती. डाफ्ट पंक या दोघांच्या फ्रेंच बँडचा दुसरा, डिस्कव्हरी, २००१. आज लोक देव्हाऱ्यात ठेवतात. पण तेव्हा पहिल्या अल्बमच्या भक्तांनी कपाळ बडवलं होतं, हे काय लहान पोरांचं लावलंय म्हणून. पिचफोर्क या अल्बमची परीक्षणं छापणाऱ्या वेबसाइटनं तेव्हा दहापैकी ६.४ दिले होते आणि २०२१ मध्ये त्याच पिचफोर्कनं मार्क बदलून चक्क १० केले. रिचेकिंगला टाकलेला पेपर. लातूरच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

आणि हे दोन बँड नात्यातलेच आहेत. फिनिक्सचा गिटारवाला लॉरां ब्रँकोविट्झ आणि डाफ्ट पंकचे दोघं, तिघांचा आधी एक बँड होता, डार्लिन. एका इंग्रजी साप्ताहिकानं त्यांच्या गाण्यांना जे नाव ठेवलं, त्यातलेच दोन शब्द उचलून त्या दोघांनी डाफ्ट पंक नाव घेतलं. तिसरा आपल्या भावाच्या बँडमध्ये गेला, म्हणजे फिनिक्समध्ये. कुणी शिवी नावासारखी वापरली, कुणी घरी परत आला.

हुरडा किंग, जालना

रिचेकिंगला टाकला म्हणून प्रत्येकाचे वाढत नाहीत भाऊ. माझे दोनदा कमी झालेत.

पण नताशाताईंचं ते दाराचं बरोबर आहे. मला नेमकं हेच म्हणायचं होतं, मला हुरडा सुचला.

बरं एक कबूल करतो. २००४ मध्येच त्यांचा एक लाइव्ह अल्बम निघाला होता, थर्टी डेज अगो. त्याच्यात दुसऱ्या अल्बमची गाणी लोकांसमोर वाजवलीत. ती मला आवडतात. रन रन रन तिथं खरंच पळतं. म्हणजे गाणी वाईट नव्हती, स्टुडिओत नेऊन त्यांना सफारी शिवली ते वाईट.

टॉप आणि बेस, अंबाजोगाई

किंगभाऊ, लाइव्हला हॉलचा आवाज आपोआप येतो. म्हणजे तुम्हाला पण इकोच पाहिजे. मामांच्या शेजारी बसा.

हुरडा किंग, जालना

बसतो. जेवण काय हाय?

मायबोलीचा हट्टी, धाराशिव

नताशाताई, ४० टक्क्यांचं माहीत नव्हतं. असा कायदा आपल्याकडं पाहिजे. बाकी आजोबांचं वाचून मला माझ्या चुलत्यांची आठवण झाली, ते रागावले की 'क्या बात करतो' म्हणायचे, धड हिंदी नाही धड मराठी नाही. तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे, फक्त आवाज थोडा कमी केलाय.

सुशीलाविथलिंबू, लातूर

मंडळी, अपडेट देतो.

साउंडवाले भाऊ, तुमच्या पाया पडू का काय करू. मोबाइल उघडून बघितला. इक्वलायझर 'रॉक' वर, त्याच्याखाली बेस बूस्ट चालू, आणि त्याच्याखाली अजून एक काहीतरी थ्रीडी म्हणून, ते बी चालू. हे मी केलेलंच नाही. माझा मेव्हणा दिवाळीत आला होता आणि 'भाऊजी तुमच्या फोनला आवाजच नाही' म्हणून काहीतरी करून गेला होता. म्हणजे मी वर्षभर मेव्हण्याचं मिक्सिंग ऐकायलो होतो.

सगळं बंद केलं. सकाळी सव्वासहाला, यार्डात गाड्या लागायच्या आधी, दुकानाचं अर्धं शटर वर करून पोत्यावर बसलो आणि सुरुवातीपासून लावला. हमाल लोक यायचे होते, एक कुत्रं होतं फक्त.

आधी वाटलं फोन बिघडला, एवढा बारीक आवाज. मग पाचेक मिनिटांत कान बसला. त्या आय ॲम ॲन ॲक्टरला बेस गिटार अशी खरवडत येते की मी हात लावून बघितलं पोतं हलायलंय का. हे मला आधी ऐकूच आलं नव्हतं, सगळा नुसता धुमधुम लोळ होता. आणि व्हिक्टिम ऑफ द क्राइम मी तीनदा लावलं. ताई, दार हळूच लागतं बरोबर हाय, पण ते लागल्यावर तो माणूस दाराच्या पलीकडं उभाच राहतो असं मला वाटलं. गेलेला नाही तो.

तरी बी सांगतो, मला युनायटेडच आवडतो. कुणी पॅरिसला नेऊन विचारलं तरी हेच सांगणार. तो अंगणातला पसारा मला पाहिजेच. पण हे कोरडं हाय असं आता म्हणणार नाही, किंगभाऊ रागावू नका.

सातव्या गाण्यापर्यंत आलो तोवर मापाडी आला. उभा राहून ऐकलं त्यानं अर्धं गाणं आणि म्हणला, मालक, आज सुरू झालं का? म्हणलं झालं. म्हणला, मग आवाज वाढवा की. तेवढ्यात सोयाबीनची पहिली गाडी आत घुसली, उरलेली तीन गाणी राहिली. सौदा निघाल्यावर ऐकतो.

टॉप आणि बेस, अंबाजोगाई

मेव्हण्याला माझ्याकडं पाठवा, पोरं कमी पडायलीत सीझनला.

धोंडेजेवण, बीड

मीबी लावला बाप्पा शेवटी. टीव्हीवर लावला. दोन गाणी झाली, मला अजून काही कळंना पण बायको भाकरी थापता थापता त्याच ठोक्यावर थापायली. तिला बोललो नाही, बोललो तर थांबंल. तिसरं कोणतं हाय?